पगार दाखवणारं अ‍ॅप, सहा महिने वापरून (आणि बरंचसं आमच्या 'पॅकेज'बद्दल)

सहा महिने झाले हे अ‍ॅप फोनमध्ये आहे, मधे दोनदा रागाने उडवलं आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत परत टाकलं, त्यामुळे रिव्ह्यू लिहिण्याइतकं तरी वापरलंय असं समजा. नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी बऱ्याच येणारेत, आणि तसंही या जातीची सगळी अ‍ॅप आतून सारखीच. आपला पगार नाव न सांगता टाकायचा, मग बाकीच्यांचे बघायला मिळतात. ग्लासडोअर २००८ मध्ये आलं तेव्हापासून हा 'आधी द्या मग बघा' मामला चालू आहे, २०१७ पासून लेव्हल्स डॉट एफवायआय आहे जिथे कंपनीतल्या लेव्हलप्रमाणे मूळ पगार, शेअर्स, बोनस असं सगळं फोडून दाखवतात, आणि ब्लाइंड नावाच्या निनावी गप्पांच्या अ‍ॅपवर तर लोक पोस्टच्या खाली सहीसारखा स्वतःचा वर्षाचा एकूण आकडा लिहितात, कुणी नाही लिहिला तर प्रश्नाचं उत्तर राहतं बाजूला, आधी आकडा टाक म्हणून मागे लागतात. मी वापरलेलं याच गोतावळ्यातलं.

आता मी ते का घेतलं हे सांगितल्याशिवाय रिव्ह्यूला काही अर्थ नाही. तर आमच्या टीममध्ये एकजण आहे, त्याला आम्ही मागून 'पॅकेज' म्हणतो. पॅकेज आला, पॅकेजला विचार, आज पॅकेज सुट्टीवर आहे, असं. हे नाव का पडलं, तर तो नवीन होता तेव्हा लिफ्टमध्ये कुणीतरी सहज म्हणून विचारलं की काय मग, जुनी कंपनी बरी की ही, आणि याने आधी किती मिळायचं, इथे किती मिळतं, मागितलं किती होतं आणि एचआरने किती खाली आणलं हे सगळं चार मजले व्हायच्या आत सांगून टाकलं. लिफ्टमध्ये अशी शांतता की मजल्याचा आकडा बदलताना बघण्याशिवाय कुणालाच काही काम उरलं नाही. बरं सांगण्यात फुशारकी म्हणाल तर तीही नाही, बुटाचा नंबर सांगावा तसा सांगतो. त्याचाच जास्त राग यायचा. फुशारकी मारली असती तर निदान आम्हाला हसता तरी आलं असतं.

आणि हे नाव ठेवण्यात मी पुढे होते हे इथेच कबूल करते. त्याचा आकडा माझ्यापेक्षा बराच वर होता आणि अनुभव माझ्यापेक्षा दीड वर्षाने कमी. पण मी हे कुणाला बोलले का? नाही. मी काय बोलायचे, तर चारचौघात असं पैशाचं बोलणं बरं दिसत नाही, बाईला वय आणि पुरुषाला पगार विचारू नये म्हणतात ते उगाच नाही, आणि हा तर न विचारताच सांगतो. म्हणजे दुखत होतं पोटात आणि मी औषध लावत होते संस्कारांना. झाकली मूठ सव्वा लाखाची हे पण मीच एकदा म्हटलं होतं, मोठ्या आवाजात. आता वाटतं की आपली मूठ आपण झाकून बसतो खरी, पण ज्याने सगळ्यांच्या मुठीत पैसे ठेवलेत त्याला सगळ्या मुठी पाठ असतात, मग झाकून नक्की कुणापासून ठेवतोय.

असो. अ‍ॅप घेतलं ते तो फेकतोय हे सिद्ध करायला. हेतू इतका पवित्र होता.

फॉर्म भरायला अर्धा तास गेला आणि तिथेच पहिला फटका बसला, कारण मला माझाच पगार नीट सांगता येईना. मला माहीत होतं ते फक्त महिन्याला खात्यात पडतात ते. मूळ पगार वेगळा, भत्ते वेगळे, व्हेरिएबल (कामगिरीप्रमाणे कमीजास्त मिळणारा भाग) कागदावर एक आणि गेल्या वर्षी हातात आलं ते दुसरंच, जॉइनिंग बोनस एकदाच मिळाला होता तो धरायचा की नाही, सगळा घोळ. इतकी वर्षं जो आकडा मी जिवापाड लपवत होते तो मला स्वतःलाच माहीत नव्हता, आहे की नाही गंमत. पे स्लिप शोधून, एक्सेल उघडून शेवटी तो काढला. अ‍ॅपला यासाठी पूर्ण मार्क, प्रत्येक रकाना वेगळा आहे आणि बाजूला छोटं स्पष्टीकरण आहे की यात काय धरायचं आणि काय नाही. पे स्लिप किंवा ऑफर लेटर नाव खोडून अपलोड केलं तर नोंदीला पडताळणीची खूण मिळते. मी नाही केलं. भीती वाटली.

मग दार उघडलं. माझं पद, माझा अनुभव, माझं शहर टाकलं की एक पट्टी दिसते, तिच्यावर २५, ५०, ७५, ९० अशा खुणा असतात. शंभर जणांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर पंचविसावा कुठे, मधला कुठे, नव्वदावा कुठे, असं. माझा ठिपका पंचविसाच्याही डावीकडे होता. झूम करून बघितलं, फिल्टर बदलून बघितले, अनुभव एक वर्षाने कमी करून बघितला (लाज वाटते सांगायला), ठिपका काही मधे येईना.

आणि मग त्याचा आकडा टाकून बघितला, पॅकेजचा. जो माणूस अवाढव्य पगार घेतो आणि वर सांगत फिरतो म्हणून आम्ही वर्षभर त्याची टिंगल केली, तो बरोबर मधल्या खुणेच्या जरासा अलीकडे. म्हणजे मध्याच्याही खाली. अहो तो फेकत तर नव्हताच, पण त्याला जास्तही मिळत नव्हतं! तो मधला माणूस होता आणि आम्ही सगळे इतके खाली होतो की मधला माणूस आम्हाला डोंगरावर दिसत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती अ‍ॅपच्या निळ्या उजेडामुळे नक्कीच नाही.

नंतर थोडं वाचलं तर कळलं की असं होणारी मी काही पहिली नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांवर चार अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला होता, २०१२ मध्ये छापून आला. सरकारी नोकर असल्यामुळे त्यांचे पगार एका वृत्तपत्राच्या साइटवर उघडे होतेच, अभ्यासकांनी काय केलं, तर काही लोकांना ईमेल करून सांगितलं की अशी साइट आहे, आणि काहींना नाही सांगितलं. नंतर विचारलं, खूश आहात का. ज्यांचा पगार आपल्या विभागातल्या मधल्या माणसापेक्षा कमी होता ते साइट कळल्यावर जास्त नाराज झाले आणि दुसरी नोकरी शोधायचं म्हणायला लागले. हे आपल्याला पटतं. पण जे वर होते ते? त्यांना काहीच फरक पडला नाही, आनंदबिनंद काही नाही. म्हणजे या खेळात जिंकणारा कुणी नाहीच, फक्त हरणाऱ्याला आपण हरतोय हे समजतं. अ‍ॅपच्या जाहिरातीत 'तुमची खरी किंमत ओळखा' लिहिलंय त्याखाली हे पण लिहायला हवं होतं.

दुसरा एक अभ्यास तर मला आरशासारखा वाटला. आशियातल्या एका मोठ्या बँकेत कर्मचाऱ्यांना आधी विचारलं की तुमच्या वरच्या साहेबांना किती मिळत असेल, बरोबरीच्यांना किती मिळत असेल, आणि मग काहींना खरे आकडे सांगितले. साहेबाला आपल्याला वाटत होतं त्यापेक्षा जास्त मिळतं हे कळल्यावर लोक जास्त काम करायला लागले, आपणही कधीतरी तिथे पोचू म्हणून असेल. बरोबरीच्याला जास्त मिळतं हे कळल्यावर कमी काम करायला लागले. बघा म्हणजे, आमच्या डायरेक्टरला माझ्या कितीतरी पट मिळतं, त्याने ते स्टेजवरून सांगितलं असतं तरी आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. राग कुणाचा, तर शेजारच्या खुर्चीतल्याचा.

आता अ‍ॅपमधल्या चर्चेच्या भागाबद्दल, कारण मी सगळ्यात जास्त वेळ तिथे घालवला आणि सगळ्यात जास्त मनस्तापही तिथलाच. रोज कुणीतरी लिहितं की प्लीज खरे आकडे टाका, इथे सगळे लपवतात. मग कुणीतरी खरा आकडा टाकतं, जरा मोठा. आणि खाली सुरू. फेकू. नशीब. ओळखीने लागला असेल. एवढं घेऊन काम काय करतोस, मीटिंगा ना? सहा महिन्यांत काढून टाकतील बघ. आणि हमखास एकजण, पैशाने झोप विकत मिळत नाही मित्रा. (मित्रा, झोप कमी पगारातही मिळत नाही, मी सांगते ना.) याच लोकांपुढे कुणी छोटा आकडा टाकला की लगेच सगळे मऊ, अरे बाबा कंपनी सोड, सीव्ही पाठव, मी रेफर करतो. मला यात चांगुलपणा दिसतो, नाही असं नाही, पण ही पट्टी दोन टोकांची असते ना, छोटा आकडा छोटा आहे हे मोठा आकडा कुणीतरी सांगितल्याशिवाय कळणार कसं? त्या बिचाऱ्याला 'तुला कमी मिळतंय' हे आपण सांगू शकतो ते त्या फेकूच्या जिवावरच.

तिसरा एक प्रकार आहे, रडत सांगणारे. 'एवढ्यात काही भागत नाही हो, काय करावं कळत नाही' असं लिहून आत नव्वदाच्या खुणेवरचा आकडा. यांना वाटतं की तक्रार करत सांगितलं की खपून जातं. उलट २०१८ मध्ये एक संशोधन आलं होतं की अशी तक्रारीत किंवा विनयात गुंडाळलेली बढाई सरळ बढाईपेक्षाही लोकांना जास्त खटकते, कारण बढाई तर दिसतेच, वर माणूस खोटाही वाटतो. पॅकेज निदान सरळ सांगतो. बाकी त्याचंही चुकतं, ते मी झाकणार नाही. २०१५ च्या एका अभ्यासात असं दिसलं की आपली भरभराट सांगणाऱ्याला वाटतं ऐकणारा खूश होईल, आपलं कौतुक करेल, आणि हा अंदाज तो फार जास्त लावतो, ऐकणारा प्रत्यक्षात वैतागलेला असतो. पॅकेजला आजही कळलेलं नाही की त्या दिवशी लिफ्टमध्ये शांतता का झाली होती. त्याला वाटतं आम्ही इम्प्रेस झालो होतो. कुणाची नोकरी जायची वेळ आलेली असताना पण हा हाईकचे आकडे सांगत बसतो, तेव्हा चिमटा काढावासा वाटतो आणि तो काढलाही पाहिजे. वेळ बघावी माणसाने.

बायकांनी टाकलेल्या मोठ्या आकड्यांखाली जे लिहिलं जातं ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की पुरुषाला 'फेकू' म्हणतात आणि बाईला विचारतात की मिळालं कसं. मी तीन अशा नोंदी बघितल्या ज्या दुसऱ्या दिवशी गायब होत्या. आणि खरं तर गप्प बसण्याचा सगळ्यात महागडा हिशोब बायकांनीच भरलाय. लिली लेडबेटर हे नाव काहींनी ऐकलं असेल, अमेरिकेत अलाबामामध्ये गुडइयरच्या टायर कारखान्यात १९७९ पासून सुपरवायझर होती. पगाराबद्दल कुणाशी बोलायचं नाही असा तिथला दंडक होता असं तिनेच सांगितलंय. निवृत्तीच्या तोंडावर तिला कुणीतरी नाव न लिहिता एक चिठ्ठी ठेवली, तिच्यात तिचा पगार होता आणि तेच काम करणाऱ्या पुरुषांचे. तिचा महिन्याला ३,७२७ डॉलर, पुरुषांतला सगळ्यात कमी ४,२८६. कोर्टात गेली तर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तक्रार उशिरा केलीस, भेदभावाचा पहिला निर्णय झाल्यापासून १८० दिवसांत करायची होती. आता जे माहीतच नाही त्याची तक्रार १८० दिवसांत कशी करणार माणूस! पुढे २००९ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला तो वेगळा, तिला स्वतःला काही मिळालं नाही. मला त्या चिठ्ठी लिहिणाऱ्याचा विचार येतो सारखा. त्याला किंवा तिला ती चिठ्ठी निनावीच लिहावी लागली. हे अ‍ॅप म्हणजे त्या चिठ्ठीचाच धंदा केलाय, बाकी काही नाही.

आता तक्रारी, घाईघाईत सांगते कारण आधीच लांबलंय. नोंदी वरच्या बाजूला झुकलेल्या असतात, ज्यांना सांगण्यासारखं असतं तेच जास्त सांगायला येतात, त्यामुळे मधली खूण जिथे दिसते त्याच्या जराशी खालीच खरी असणार असं मी धरून चालते (मग माझं दुःख पण थोडं कमी होतं). कंपनीकडून चार वर्षांत थोडे थोडे मिळणारे शेअर्स बरेच लोक एकाच वर्षात धरून टाकतात आणि अ‍ॅप ते पकडत नाही. तीन वर्षांपूर्वीची नोंद आणि कालची नोंद एकाच पट्टीत. निनावी म्हणतात पण माझ्या पदाच्या, माझ्या अनुभवाच्या माझ्या कंपनीतल्या नोंदी फक्त तीन होत्या, त्यातली एक मी, एक तो, मग तिसरी कोण हे ओळखायला गुप्तहेर लागत नाही. खातं बंद केलं तरी टाकलेला आकडा राहतोच, तो काढायला ईमेल करा, वाट बघा, परत ईमेल करा. आणि त्या नोटिफिकेशन्स! रात्री साडेदहाला फोन वाजतो की तुमच्यासारख्या प्रोफाइलला अमुक टक्के जास्त मिळतंय. मला कळलंय रे बाबा, एकदा कळलंय, रोज जखमेवर मीठ कशाला. वर पैसे भरून पगार कसा मागावा याचा कोर्स घ्या म्हणून मागे लागतात. आधी जखम करायची आणि मग मलम विकायचं, हिशोब पक्का आहे त्यांचा.

अप्रेझल आलं. मी स्क्रीनशॉट काढून नेले, पट्टी, ठिपका, सगळं. मॅनेजरने एकदा बघितलं आणि म्हणाला, तिथे कुणीही काहीही टाकतं. आणि यावर मला उत्तर देता येईना कारण माझी स्वतःची नोंद बिनपडताळणीची होती! निनावी आकड्याची हीच गोची आहे, सांगणाऱ्याला वाचवतं म्हणून आपण तिथे जातो आणि सांगणारा कुणी दिसत नाही म्हणून समोरचा ते उडवून लावतो. ज्या आकड्याला चेहरा असतो त्याला वजन असतं, आणि चेहऱ्यासकट आकडा सांगणारा आमच्या ओळखीत एकच.

गेले त्याच्याकडे. जाताना चार वेळा मागे फिरले. वर्षभर ज्याला नावं ठेवली त्याला विचारायचं की बाबा रे, किती मागू? त्याने एक क्षणही विचार केला नाही. फोनमधून ऑफर लेटर काढून दाखवलं, यातला हा भाग एकदाच मिळतो तो धरू नकोस, एचआर आधी हा शब्द वापरेल मग हा, तेव्हा गप्प बस, पहिला आकडा तू सांग, व्हेरिएबलवर खूश होऊ नकोस तो मूळ पगारात माग. दहा मिनिटं. कोर्सवाल्यांनी याचे पैसे घेतले असते. आणि शेवटी म्हणाला, तुला एवढं कमी देतात हे मला माहीत असतं तर मी आधीच सांगितलं असतं, पण तू कधी बोललीच नाहीस. यावर मी काय बोलणार.

परत मॅनेजरकडे गेले, पॅकेजचं नाव न घेता त्याच्याकडून कळलेले शब्द वापरले, आणि मग मॅनेजर खरं बोलला. म्हणाला, तुला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल. हे वाक्य ऐकून मला आधी संताप आला, नंतर कळलं की हे वाक्य अर्थशास्त्रात अक्षरशः अभ्यासलेलं आहे. अमेरिकेत जिथे सहकाऱ्यांना पगारावर मोकळं बोलता यावं म्हणून राज्यांनी कायदे केले तिथे सरासरी पगार साधारण २ टक्क्यांनी खाली आले असं दोन संशोधकांनी दाखवलंय, कारण एकाला वाढवलं की सगळे दारात येणार हे मालकाला माहीत झालं की तो पहिल्यालाच हात आखडता घेतो. डेन्मार्कमध्ये कंपन्यांना स्त्री-पुरुष पगाराचे आकडे द्यायला लावले तर फरक कमी झाला, पण बायकांचे वाढून कमी आणि पुरुषांची वाढ मंदावून जास्त. हे मी मुद्दाम लिहितेय कारण चर्चेत सगळे असं बोलतात की उघड केलं की सगळ्यांचं भलं. तेवढं सोपं नाहीये ते. मला मागितलं त्याच्या साधारण दोनतृतीयांश मिळालं. ठिपका पंचविसाच्या उजवीकडे आला, मधे अजूनही नाही. आणि सोबत एचआरचा मेल, की आपल्या पगाराची माहिती कृपया कुणाशी शेअर करू नये. ('कृपया' होतं हं.) अमेरिकेत १९३५ च्या कायद्याने खासगी कंपन्यांतल्या बहुतेक कामगारांना आपसात पगारावर बोलायचा हक्क आहे आणि तरीही तिथे अशा सूचना निघतातच म्हणे, लोकांना हक्क आहे हेच माहीत नसतं. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये नियम केला, ७ जून २०२६ ही देशांसाठी तो लागू करायची मुदत, त्यात उमेदवाराला पगाराची रेंज आधी सांगायची आणि जुना पगार विचारायचा नाही असं आहे. जुना पगार न विचारणं ही मला तर सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, माझं सगळं दुखणं पहिल्या नोकरीच्या आकड्यापासून सुरू झालंय.

अ‍ॅपमध्ये एक गोष्ट नाही आणि ती असावी का हे मला ठरवता येत नाहीये, ती म्हणजे कुणी बघितलं ते कळणं. नॉर्वेमध्ये लोकांचं उत्पन्न आणि कर सगळ्यांसाठी उघडं असतं, २००१ मध्ये ते ऑनलाइन आलं आणि लोक शेजाऱ्याचं, मेव्हण्याचं, जुन्या प्रियकराचं सगळं शोधत बसले. नंतरच्या एका अभ्यासात असं निघालं की त्यामुळे श्रीमंत आणि गरीब यांच्या सुखातला फरक २९ टक्क्यांनी वाढला. मग २०१४ पासून नियम बदलला, तुम्ही कुणाचा आकडा बघितला तर त्याला ते कळणार. बघणारे एकदम कमी झाले. फिनलंडमध्ये दर नोव्हेंबरला असे आकडे जाहीर होतात, त्या दिवसाला तिथले लोकच राष्ट्रीय मत्सर दिन म्हणतात, निदान नाव तरी प्रामाणिक. आणि बफर नावाच्या कंपनीने तर डिसेंबर २०१३ मध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांचे पगार नावासकट आणि ते कसे ठरवले त्या सूत्रासकट जगापुढे ठेवले होते. तिथे 'पॅकेज' म्हणून कुणाला चिडवणार? मी जर पॅकेजचा आकडा बघितल्याचं त्या रात्री त्याला कळलं असतं तर मी बघितला असता का, बहुतेक नाही, आणि मग मी अजूनही डावीकडेच असते.

अ‍ॅपला पाचपैकी तीन. पट्टीसाठी आणि स्वतःचा पगार मोजायला लावल्याबद्दल. चर्चेचा भाग बंद ठेवून वापरा, नोटिफिकेशन पहिल्याच दिवशी बंद करा, नोंदी दहाच्या वर असतील तरच विश्वास ठेवा, पैसे भरून काहीही घेऊ नका.

गेल्या आठवड्यात टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने मला लिफ्टसमोर गाठलं. तिची ऑफर आहे बाहेरची, काय करावं कळत नाही, तर म्हणाली मॅम, तुम्हाला विचारलं तर चालेल का, तुमचं किती आहे? मी लगेच म्हटलं, अगं एक अ‍ॅप आहे ना, त्यात बघ, तुझ्या लेव्हलची रेंज मिळेल, लिंक पाठवते. ती म्हणाली, अ‍ॅप आहे माझ्याकडे मॅम, आणि सरांनी पण त्यांचं सांगितलं. (सर म्हणजे पॅकेज. तिला अजून नाव माहीत नाही त्याचं, आणि मी तरी सांगणार नाही.) मी तुमचं विचारत होते, आपलं काम सारखं आहे ना म्हणून.

लिफ्ट आली. आत दोघं आधीच होते, अकाउंट्सचे. मी सांगितला. पण इतक्या हळू सांगितला की तिला परत विचारावं लागलं.